पैठणच्या षष्ठीतून आणलेला रांजण : दोन उन्हाळे वापरून मग लिहितेय

वस्तू घरात आली की दुसऱ्याच दिवशी लोक पाच स्टार देऊन मोकळे होतात, मला ते पटत नाही, आणि मातीच्या वस्तूचं तर अजिबातच नाही. पहिल्या महिन्यात सगळेच माठ गार असतात. खरा माल दुसऱ्या उन्हाळ्यात कळतो. म्हणून थांबले होते. २०२४ च्या फाल्गुनात पैठणला नाथषष्ठीच्या यात्रेत घेतलेला हा रांजण, २०२४ आणि २०२५ असे दोन उन्हाळे पूर्ण वापरला, तोही घरात नाही तर रस्त्यावर, फाट्यावरच्या पाणपोईत, जिथं ऐन उन्हाळ्यात रोज शे-दीडशे माणसं सहज पाणी पिऊन जातात. त्यामुळं आता छातीवर हात ठेवून सांगू शकते की घ्या, पण कसा बघून घ्यायचा आणि घेतल्यावर काय करायचं ते नीट वाचून घ्या.

आधी हा रांजण कशासाठी घेतला ते सांगते, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही.

आमच्या वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. एसटीत ड्रायव्हर होते, २०२२ ला रिटायर झाले. आमचं गाव पाचोडकडचं, मोसंबीचा पट्टा. एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून गाव दीड किलोमीटर आत, चालत. २०१३ चा उन्हाळा ज्यांनी मराठवाड्यात काढला त्यांना मी काय सांगणार, आमच्याकडं मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या, पोटच्या लेकरासारखी वाढवलेली झाडं लोकांनी तोडून सरपण केलं, आणि टँकर कधी येतो म्हणून बायका रात्र रात्र हंडे घेऊन बसायच्या. त्या एप्रिलमध्ये आण्णांच्या गाडीतून एक म्हातारी आमच्याच फाट्यावर उतरली आणि उतरल्या उतरल्या खालीच बसली. तोंडाला कोरड, बोलता येईना. आण्णांनी गाडी थांबवली, आपली बाटली दिली. बाटलीत दोन घोट होते. तेवढेच. गाडीतल्या बाकीच्यांकडून गोळा करून तिला पाजलं, पण आपल्याकडं दोनच घोट होते हे आण्णांच्या मनाला फार लागलं. सुट्टीच्या दिवशी घरी आले, घरातले दोन्ही माठ उचलले आणि फाट्यावरच्या लिंबाखाली नेऊन ठेवले. आई म्हणाली, "अहो, घरात काय प्यायचं मग?" तर म्हणाले, "आपल्याला हंडा हाय ना."

तेव्हापासून गुढीपाडवा ते मृगाचा पाऊस, दरवर्षी पाणपोई. एक वर्ष चुकलं नाही. ड्युटीवर असायचे तेव्हा आई आणि माझा भाऊ भरायचे, आता स्वतः पहाटे पाचला उठून भरतात.

याच्या मागं अजून एक गोष्ट आहे, ती त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितली. ७२ च्या दुष्काळात आण्णा आठ वर्षांचे होते. आमची आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि हे तिच्या मागं मागं. मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले ती पिढी ही. तिथं कामावर पाणी वाटायला एक बाई होती, ती लेकरांना आधी पाजायची, मोठ्या माणसांना नंतर, मुकादम ओरडला तरी. आण्णांना तिचं नाव माहीत नाही, चेहरासुद्धा आठवत नाही, म्हणतात फक्त तिचा पितळी तांब्या आठवतो, त्याला एका बाजूनी पोचा आलेला होता.

पाणपोईवर नावाची पाटी नाही. एका पत्र्यावर चुन्यानं लिहिलंय "पाणी प्या, झाकण लावा", बस. मध्ये एका इच्छुकानं पक्कं शेड बांधून देतो म्हणून सांगितलं, फक्त वर त्याचा फोटो लागणार होता. आण्णा म्हणाले, पाणी पिताना माणूस मान वर करतो, त्याला झाड दिसू द्या. गावानं दोनदा सत्काराचं काढलं, शाल-नारळ, हार वगैरे, दोन्ही वेळा आण्णा सकाळीच मळ्यात निघून गेले. आणि ते खोटं लाजणं नाही बरं का, त्यांना खरंच आवडत नाही.

तर २०२४ ला बारावा उन्हाळा लागणार होता. मी, माझा भाऊ आणि भावजय, तिघांनी ठरवलं की यावेळी आण्णांसाठी काहीतरी करायचंच, पण त्यांना पळून जाता येणार नाही असं. भावजयीनंच सुचवलं, "सत्कार माणसाचा करू नका, पाणपोईचा करा. मोठा रांजण देऊ." आणि बारा म्हणल्यावर मला पैठणच आठवलं. नाथांच्या वाड्यातला रांजण तुम्ही बघितलाच असेल. देव श्रीखंड्या होऊन एकनाथांच्या घरी राहिला आणि कावडीनं गोदावरीचं पाणी आणून बारा वर्षं तो रांजण भरला अशी कथा आहे. तुकाराम बीजेला त्या रांजणाची पूजा होते, मग आलेले भाविक त्यात पाणी ओततात आणि रांजण भरून वाहिला की देव आला असं मानतात. तसाही आमच्या घरात षष्ठीला पैठण चुकत नाही. होळी झाली, पळस फुलला, की आईची धपाट्याची तयारी सुरू. दुसरीकडं कुठं लोक हिल स्टेशनला जातात, आमची वसंतातली ट्रिप म्हणजे हीच, लहानपणी एसटीनं, आता भावाच्या गाडीनं. मला तर अजूनही तीच आवडते.

मी संभाजीनगरला असते. इकडून पैठण पन्नास-पंचावन्न किलोमीटर, बिडकीन-ढोरकीनवरून. पोरांना घेऊन पहाटेच निघाले, गावाकडची मंडळी तिकडून आली. एक टीप आत्ताच देऊन टाकते, फाल्गुन वद्य षष्ठी या मुख्य दिवशी खरेदीला जाऊ नका. त्या दिवशी नाथांनी जलसमाधी घेतली, १५९९ साली, सगळ्या दिंड्या त्याच दिवशी गावात असतात, दर्शनाची रांग कुठून कुठं जाते, आणि अशा गर्दीत रांजण डोक्यावर घेऊन कुणी चालू शकत नाही. बीज ते षष्ठीच्या मधले दिवस बघा. काल्यापर्यंत, म्हणजे अष्टमीपर्यंत दुकानं असतात, पण चांगला माल आधीच उचलला जातो.

आधी गावातलं नाथ मंदिर केलं. पोरांनी रांजणात तांब्या तांब्या पाणी ओतलं. माझी लेक सात वर्षांची, तिनं आण्णांना विचारलं, "आबा, देव पाणी भरायला आला होता तर मग तुम्ही पण देवाचंच काम करता का?" आण्णा काहीच बोलले नाहीत. उपरण्यानं तोंड पुसत बाहेर गेले. मग घाटावर बसून पोरांना गाढवाची गोष्ट सांगितली, काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड नाथांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली ती. मी ही गोष्ट त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलीय. त्या दिवशी ऐकताना मला फाट्यावरचा हाळ दिसत होता, पाणपोईशेजारी जनावरांसाठी आण्णांनी सिमेंटचा छोटा हाळ बांधलाय, माठ धुतलेलं, सांडलेलं सगळं पाणी नळीनं त्याच्यात जातं आणि मेंढरंवाले वाट वाकडी करून तिथं येतात.

जेवायला धरणाकडं गेलो. धपाटे, दही, लाल मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि यात्रेतली गोडीशेव. आईचं आजोळ या नाथसागराच्या पाण्याखाली गेलंय. दरवर्षी ती एका दिशेला बोट करून सांगते, "तिकडं चिंच होती, त्याच्या बगलंला वाडा." १९६५ ला शास्त्रीजींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ ला इंदिराबाईंच्या हस्ते धरण खुलं झालं, त्या मधल्या वर्षांत ही सगळी गावं उठली. १०२ टीएमसीचं धरण, सत्तावीस दरवाजे, आणि एवढं पाणी इथं असून आमच्या फाट्यावर प्यायला थेंब नव्हता. हे मी रागानं नाही लिहीत, पण त्या काठावर बसलं की डोक्यात येतंच. २०१६ ला लातूरला तर मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर ती गाडी बघून आण्णांनी त्या वर्षी पाणपोईला अजून दोन माठ वाढवले होते.

आता रांजणाचं.

यात्रेत मातीची भांडी घेऊन बसणारे बरेच असतात. आम्ही चार ठिकाणी बघितलं. पहिल्या दोन ठिकाणी रंगवलेले माठ, ऑइलपेंटनी चकाचक, मोर काढलेले. दिसायला छान, पण ते घेऊ नका. रंगानं मातीची छिद्रं बुजतात आणि मग पाणी पाझरतच नाही, पाझरलं नाही तर गार होणार कसं. तिसऱ्याकडं माल बरा होता पण रांजण लहान. चौथे एक वयस्कर मामा आणि त्यांची बायको, कडब्यावर पाच-सहा रांजण मांडून बसलेले. फार बोलत नव्हते. आण्णांनी (त्यांना आम्ही "पाणपोईला एक माठ बघू" एवढंच सांगितलं होतं) सवयीनं बोटाच्या पेरानं रांजणावर टिचकी मारली. खण्ण असा आवाज आला, देवळातल्या लहान घंटेसारखा, आणि थोडा वेळ घुमत राहिला. शेजारच्या दुसऱ्यावर मारली तर तोही वाजला पण शेवटी जरा बसका. मामा स्वतःहून म्हणाले, "तो नका घेऊ, त्याला बुडाला केस हाय." केस म्हणजे केसासारखी बारीक चीर, आम्हाला तर ती दाखवूनही दिसली नाही. विकणारा माणूस स्वतःच्या मालाचा दोष स्वतः सांगतोय म्हणल्यावर मी तिथंच ठरवलं की इथूनच घ्यायचा.

मग मामा बोलते झाले. मातीत राख आणि घोड्याची लीद मळतात, आव्यात, म्हणजे भट्टीत, भाजताना ती जळून जाते आणि तिच्या जागी बारीक बारीक भोकं राहतात. रांजण सगळा चाकावर होत नाही, थोडा उठवून घ्यायचा, मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीनं चोपत चोपत मोठा करायचा, आणि चोपताना सगळीकडं जाडी सारखी राहिली पाहिजे, तिथंच हात लागतो. "रांजणाला घाम आला पायजे ताई, घाम न येणारा रांजण म्हंजी नुसतं पिंप," असं म्हणाले. आत हात घालून बघा म्हणाले, मी बघितलं, आतून थापीगोळ्याचे उथळ खळगे बोटांना लागत होते, एकाशेजारी एक, ओळीनं, माशाच्या खवल्यांसारखे, आणि कुठंच जाड-पातळ नाही.

किंमत १८०० सांगितली, १४०० ला दिला. खरं सांगू का, जास्त ओढायला नको होतं असं नंतर वाटलं. दोन माठ २५० प्रमाणे, आणि एक लाकडी झाकण वर फुकट. घरी आणून मोजलं तर रांजणात पाच घागरी बसल्या, म्हणजे पंच्याहत्तर लिटरच्या आसपास. भावानं गावातला छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, बोलावून ठेवला होता. मामींनी रांजण बसवायला स्वतः मदत केली, जुन्या टायरमध्ये बुड टेकवलं, चहूबाजूंनी कडबा, वरून चादर. तरी दोनपैकी एक माठ वाटेत गेला, गतिरोधकावर. तो आमच्या बांधण्याचा दोष, त्यांचा नाही. पण २०२५ च्या षष्ठीला परत गेलो आणि सहज सांगितलं तर मामांनी त्याच्या बदल्यात एक माठ दिला, पैसे घेतलेच नाहीत, "पाणपोईचा हाय ना, राहू द्या" म्हणाले.

एवढा मोठा रांजण गाडीत चढल्यावर आण्णांच्या लक्षात आलं. म्हणाले, "कामून एवढा मोठा? कुणी सांगितलं?" भाऊ म्हणाला, "बारा वर्षं झाली आण्णा, आमच्याकडनं." आण्णा छोट्या हत्तीच्या मागं रांजणाला हात लावून उभे राहिले, आणि गावापर्यंत पुढं सीटवर बसायला तयारच झाले नाहीत, मागं कडब्यात बसून रांजण धरून आले. साठ वर्षांचा माणूस. मला वाटतं सत्कार झाला तो तिथंच.

वापराचं आता सविस्तर, कारण इथं लोक चुकतात. आणल्या आणल्या भरून वापरायचा नाही. एक दिवस काठोकाठ भरून ठेवा, पाणी टाकून द्या, असं तीन दिवस. हे पाणी आम्ही मोसंबीच्या आळ्यात टाकलं, वाया नाही. चौथ्या दिवशी मातीचा वास राहतो पण राखेचा जातो. साबण, भांड्याची पावडर कधीच लावायची नाही, माती ती पिऊन घेते आणि मग पाण्याला वास, नुसता काथ्या आणि पाणी. पाणपोईत आम्ही विटांच्या कट्ट्यावर वाळू पसरून त्यात बुड रोवलं आणि वाळू ओली ठेवतो, वरून गोणपाट गुंडाळतो आणि दिवसातून दोनदा शिंपडतो. पाण्यात वाळ्याची एक जुडी. रोज सकाळी मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं औषध, मोजून टाकतो, आशाताई देतात, ते विसरायचं नाही, रस्त्यावर येणाऱ्याला आपलं पाणी बाधलं तर काय उपयोग. आणि ओगराळं. लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं की कुणी हात बुडवत नाही. रांजणाला तोटी बसवून घेऊ का म्हणून आम्ही विचारलं होतं, मामा म्हणाले भोक पाडलं की रांजणाचं आयुष्य अर्धं होतं. माठांना तोट्या आहेत, रांजणाला नाही, आणि ते बरोबर ठरलं, कारण माठांच्या तोट्या दोन्ही उन्हाळ्यांत गळल्या, तीन वेळा पांढरं सिमेंट लावून झालं.

गार किती होतं? माझ्या भाच्यानं मे महिन्यात दुपारी अडीचला थर्मामीटर लावून बघितलं. लिंबाच्या सावलीत हवा ४१, रांजणातलं पाणी २७. लाईट नाही, मोटार नाही, काही नाही. पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, एवढीच त्याची मशिनरी. आपली मराठवाड्याची कोरडी हवा त्याला फार मानवते. मृगात हवा ओली झाली की गारवा लगेच कमी होतो, तेव्हा रांजण बिघडला असं समजू नका. आणि फ्रीजसारखं दातात कळ जाणारं पाणी नाही मिळणार. उन्हातून चालत आलेल्या माणसाला तेवढं गार पाणी चांगलं नाही असं आण्णा मानतात, ते तर आल्या आल्या पाणीच देत नाहीत, आधी सावलीत बसवतात, दोन गोष्टी करतात, मग देतात.

तुलनेसाठी सांगते, २०१९ ला आम्ही भावंडांनी हौसेनं एक स्टीलचा लाईटवरचा वॉटर कूलर आणून दिला होता. शहरातल्या एका दुकानातून, नाव लिहीत नाही. वीस हजारांच्या वर गेले. फाट्यावर लाईट दिवसाची आठ तास कशीबशी, दुसऱ्याच महिन्यात त्याचं गारपण गेलं, फोन करून करून थकलो, माणूस आला नाही. लोक तापलेलं पाणी प्यायले आणि तरी काही बोलले नाहीत, याचं आण्णांना जास्त वाईट वाटलं. तो कूलर आता गोठ्यात आहे, त्यात पेंड ठेवतात. वीस हजारांत असे चौदा रांजण आले असते. वीस लिटरचे जार पण करून बघितले, प्लास्टिक उन्हात तापतं आणि रोज पैसे.

आता उणी बाजू. पहिली, वजन. भरलेला तर सोडाच, रिकामा रांजणही एकट्या बाईला हलत नाही, घरात ठेवायचा असेल तर जागा ठरवूनच आणा. दुसरी, आणि ही महत्त्वाची, दुसऱ्या उन्हाळ्यात गारवा कमी झाला. भाच्यानं २०२५ ला परत मोजलं तर २९-३० दाखवायला लागलं. बाहेरून पांढरा थर आला होता, आमचं बोअरचं पाणी जड आहे, त्यातला क्षार छिद्रांत बसतो. एप्रिलच्या शेवटी रांजण पूर्ण रिकामा केला, काथ्यानं बाहेरून-आतून घासला, दोन दिवस कडक उन्हात पालथा ठेवला, तेव्हा २८ वर आला. पहिल्यासारखा नाही झाला. मामांना विचारलं तर म्हणाले तीन-चार उन्हाळे चांगले, पुढं धान्याला वापरा. म्हणजे ही कायमची वस्तू नाही, हे मनात धरून घ्या. पाऊस पडला की स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, पालथा घालून घरात ठेवायचा, ओल्या अंगानं झाकून ठेवलात तर बुरशीचा वास लागतो आणि तो जात नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा तोट्यांचा कापला, बाकी क्षाराचा दोष आमच्या पाण्याचा आहे. विकणाऱ्या मामांना पाचपैकी पाच, तो केस दाखवल्याबद्दल.

पाडव्याचं राहिलंच. २०२४ चा पाडवा, ९ एप्रिल. आईनं रांजणाला हळद-कुंकू लावलं, गळ्यात साखरेची गाठी बांधली, वर लिंबाचा डहाळा, त्याला नुकता मोहोर आलेला. गावातली पाच-पंचवीस माणसं आपसूक आली, कुणाला बोलावलं नव्हतं. आण्णांना नारळ फोडा म्हणलं तर म्हणाले, थांबा, आधी कुणीतरी पिऊ द्या. सगळे उन्हात थांबले. दहाच्या गाडीतून एक ऊसतोडीहून परत आलेलं कुटुंब उतरलं, नवरा-बायको, दोन लेकरं, डोक्यावर बोचकी. कोरोनाच्या वर्षी अशीच माणसं चालत आली होती, तेव्हा आण्णा लांबून पन्हाळीनं पाणी ओतायचे आणि लोक ओंजळीनं प्यायचे. या बाईनं पाणी घ्यायला हात पुढं केला तर आण्णा म्हणाले, "ताई, लेकरांना आधी." आणि स्वतः खाली बसून ओगराळ्यानं लहान पोराच्या ओंजळीत पाणी ओतलं. पोरगं प्यायलं, हनुवटीवरून पाणी गळत होतं, आणि त्यानं परत ओंजळ पुढं केली. मग नारळ फुटला. त्या कुटुंबाला आईनं घरी नेऊन पुरणपोळी जेवू घातली.

घ्यायला जाणार असाल तर एवढं करा, दुपारच्या आत जा, स्वतः टिचकी मारून बघा, आत हात फिरवा, छोटा हत्ती आधी ठरवा, गाडीत कडबा नाहीतर जुन्या गाद्या ठेवा, आणि जास्त घासाघीस करू नका, भाजताना आव्यातला बराच माल फुटतो आणि ते नुकसान त्यांच्या अंगावर असतं. रंगीत घेऊ नका. आमच्या मामांना येत्या षष्ठीसाठी मी आत्ताच सांगून ठेवलंय, अजून एक रांजण, एवढाच. आण्णांनी गावच्या दुसऱ्या वाटेवर, शाळेच्या बाजूला, लिंबाची सावली बघून ठेवलीय.